उभ्याच्या मैफिलीला जाताय? आधी पायाकडे बघा

आपली गाणं ऐकायची रीत बैठकीची. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात मांडी घालून बसायचं, पाय आखडला तर एक गुडघा वर घ्यायचा, फारच झालं तर शेजाऱ्याला जरा सरकायला सांगायचं. परदेशात आल्यावर 'स्टँडिंग' नावाचं तिकीट पहिल्यांदा दिसतं. मंचाच्या अगदी समोरची जागा, पण खुर्ची नाही. तीन-चार तास उभं राहायचं. पंचविशीत याचं काही वाटत नाही. पंचेचाळिशीनंतर, विशेषतः सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल, तर तिकीट काढताना हात अडखळतो. मुलीनं हौसेनं तुमचंही तिकीट काढलेलं असतं आणि तुम्ही मनात म्हणत असता, 'मी घरीच बरी.'

बहुतेक वेळा घरी बसायची गरज नसते. पण त्यासाठी उभं राहिल्यावर पायाचं नेमकं काय होतं ते कळलं पाहिजे. ते कळलं की कुठले बूट घ्यायचे हे दुकानदाराला किंवा जाहिरातीला विचारावं लागत नाही.

उदाहरणासाठी लंडनचे प्रॉम्स घेऊ. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दर उन्हाळ्यात सुमारे आठ आठवडे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या या मैफिली चालतात. मधला मोकळा भाग आणि अगदी वरची गॅलरी उभं राहणाऱ्यांसाठी ठेवलेली असते. तिथलं तिकीट खूप स्वस्त असतं आणि आवाज उत्तम. प्रॉम्सची सुरुवात १८९५ साली क्वीन्स हॉलमध्ये झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या मे महिन्यात, ते सभागृह बाँबफेकीत नष्ट झालं आणि मैफिली अल्बर्ट हॉलमध्ये आल्या. गंमत त्या नावात आहे. 'प्रॉमनाड' म्हणजे फेरफटका. लंडनच्या बागांमध्ये वाद्यवृंद वाजत असे आणि लोक फिरत फिरत ऐकत, त्या प्रथेवरून हे नाव पडलं. आज तिथे कोणी फिरत नाही, सगळे एका जागी खिळून उभे असतात. पायाच्या दृष्टीनं बघाल तर या एका बदलानं सगळं बिघडवलं.

चालणं सोपं, उभं राहणं अवघड

'दिवसभर शहर पालथं घातलं तरी काही झालं नाही, पण तासभर रांगेत उभी राहिले आणि पाय भरून आले', हे तुम्हीही म्हटलं असेल. त्यामागे तीन कारणं आहेत.

पहिलं रक्ताचं. हृदयापासून घोट्यापर्यंत साधारण १२० सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ उभा असतो. शाळेतलं उंची, घनता आणि गुरुत्वाकर्षण यांच्या गुणाकाराचं सूत्र लावलं तर घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि प्रत्यक्ष मोजमापातही तो तेवढाच भरतो. चालायला लागलात की पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला शिरा पिळतो, शिरांमधल्या झडपा रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत आणि दाब ३० च्याही खाली उतरतो. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यामुळेच. स्तब्ध उभं राहिलं की हा पंप जवळजवळ बंद पडतो. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त शरीराच्या खालच्या भागात साचतं, केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि पाऊल सुजतं. सकाळी बरोबर बसणारा बूट रात्री चावतो तो या सुजेमुळे. संचलनात ताठ उभे असलेले सैनिक अधूनमधून कोसळतात, त्याचंही मुख्य कारण हेच.

दुसरं स्नायूंचं. आपल्याला वाटतं की उभं राहणं म्हणजे विश्रांती. प्रत्यक्षात शरीराचा गुरुत्वमध्य घोट्याच्या सांध्याच्या थोडा पुढे पडतो, म्हणजे आपण सतत किंचित पुढे कलत असतो आणि पोटरीतला सोलियस नावाचा स्नायू आपल्याला मागे खेचून धरत असतो. ताकद फार लागत नाही, पण सुट्टीही मिळत नाही. चालताना हाच स्नायू आवळतो आणि सुटतो, आणि सुटताना त्यात ताजं रक्त शिरतं.

तिसरं कारण दाबाचं, आणि बुटाशी सगळ्यात जास्त संबंध याचाच आहे. अनवाणी उभ्या माणसाच्या पायाखालचा भार मोजला तर साधारण ६० टक्के टाचेवर, २८ टक्के चवड्यावर, ८ टक्के मधल्या भागावर आणि जेमतेम ४ टक्के बोटांवर असतो. ७० किलोच्या माणसाच्या एका पायावर ३५ किलो, म्हणजे एका टाचेवर २१ किलो. टाचेचा जमिनीला टेकणारा भाग २० चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. पाऱ्याच्या भाषेत ७३५ मिलिमीटरच्या आसपास. त्वचेतल्या बारीक केशवाहिन्यांमधला दाब असतो ३० च्या घरात. म्हणजे तुम्ही हललात नाही, तर टाचेखालच्या केशवाहिन्या दबलेल्याच राहतात. चालताना क्षणिक दाब याहून जास्त असतो, पण तो दर पावलाला उठतो आणि रक्त परत येतं. उभं राहिल्यावर दुखतं तो त्वचेनं आणि तिच्याखालच्या चरबीनं केलेला निषेध असतो. तो निषेध म्हणजे 'हल की जरा' एवढाच निरोप.

आता बुटाकडे वळू. हे तीन प्रश्न समोर असले की चांगल्या बुटाचं काम आपोआप ठरतं. टाचेवरचा दाब जास्त क्षेत्रफळावर पसरवणं, सुजणाऱ्या पावलाला जागा देणं आणि पोटरीचं ओझं थोडं कमी करणं. बुटाच्या तळातून 'ऊर्जा परत मिळते' वगैरे जे जाहिरातीत लिहिलेलं असतं, त्याचा उभं राहण्याशी काही संबंध नाही. उभ्या माणसाला परत मिळवायची ऊर्जाच नसते.

मऊ म्हणजे आरामदायक नव्हे

दुकानात सगळ्यात मोठी फसगत इथे होते. बूट घातला, दोन पावलं टाकली, ढगावर चालल्यासारखं वाटलं, घेतला. हे 'ढग' बहुतेक वेळा ईव्हीए नावाच्या फोमचे किंवा पॉलियुरेथेनचे असतात. फोम म्हणजे असंख्य बारीक बुडबुडे. त्यावर सतत भार ठेवला तर तो हळूहळू दबत जातो. पदार्थविज्ञानात याला क्रीप म्हणतात. पळताना पाय क्षणभर टेकून उठतो आणि फोमला फुगायला वेळ मिळतो. उभं राहताना तो मिळत नाही. खूप मऊ फोम टाचेखाली पूर्ण चेपला गेला की तुम्ही मऊ बुटात असूनही कठीण जमिनीवर उभे असता. शिवाय मऊ गादीवर तोल सांभाळायला घोट्याभोवतीच्या स्नायूंना जास्त राबावं लागतं. समुद्रकाठच्या कोरड्या वाळूत उभं राहून बघा.

म्हणून मधला फोम मध्यम घट्ट हवा. अंगठ्यानं जोरात दाबल्यावर थोडा आत जावा, पण अंगठा तळाला टेकल्यासारखं वाटू नये. टाचेची बैठक सपाट नको, खोलगट हवी. टाचेखाली निसर्गानं दिलेली चरबीची गादी साधारण पावणेदोन ते दोन सेंटिमीटर जाड असते, आणि ती चरबी तंतूंच्या छोट्या छोट्या कप्प्यांत बांधलेली असते. वयाबरोबर हे कप्पे सैल होतात आणि गादी बाजूला पसरते. खोलगट बैठक तिला बाजूनं आधार देऊन टाचेखाली गोळा ठेवते. आपलीच गादी आपल्याला परत मिळते. आणि टेकणारं क्षेत्रफळ २० ऐवजी २५ चौरस सेंटिमीटर झालं तर दाब थेट एक पंचमांशानं कमी होतो, त्यासाठी कुठलंही पेटंट लागत नाही.

टाच पंजापेक्षा थोडी उंच असलेली बरी, साधारण एक सेंटिमीटर. त्यामुळे पोटरीवरचा आणि टाचेच्या मागच्या जाड शिरेवरचा ताण कमी होतो. पण हे औषध मात्रेतच घ्यायचं. टाच जसजशी उंच होते तसतसा भार चवड्यावर सरकतो, आणि उंच टाचांच्या सँडलमध्ये चार तास म्हणजे चवड्यांना शिक्षाच. दुसऱ्या टोकाला हल्ली पातळ तळाचे 'अनवाणी' बूट निघालेत. त्यांची महिनोन्महिने सवय असेल तर खुशाल घाला. पण दुखऱ्या टाचेनं, मैफिलीच्या आदल्या आठवड्यात ते पहिल्यांदा घालणं हा शुद्ध आततायीपणा.

कोल्हापुरीचं काय, हा प्रश्न येणारच. भौगोलिक मानांकन मिळालेली, चामड्याची, घरून येताना हौसेनं आणलेली. जीन्सवर आणि कुर्त्यावर झकास दिसते. पण तिचा तळ सपाट आणि कडक, टाच मागून मोकळी, बोटं उघडी. गर्दीत कुणाचा जड बूट बोटांवर पडला तर संरक्षण शून्य. मागून पट्टा नसलेली कुठलीही चप्पल पायात राहावी म्हणून आपण नकळत बोटं आवळून धरतो. चार तास बोटं आवळल्यावर दुसऱ्या दिवशी तळवा का दुखतो, याचं नवल वाटायला नको. कोल्हापुरी बसून ऐकायच्या कार्यक्रमाला ठेवा.

दुखणं कुठे आहे, त्यावर बूट

'पाय दुखतात' एवढ्यानं भागत नाही. बोट ठेवून सांगा, नेमकं कुठे.

टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या बाजूला दुखत असेल आणि सकाळची किंवा बराच वेळ बसून उठल्यानंतरची पहिली पावलं सगळ्यात वाईट असतील, तर बहुधा प्लांटर फॅशिआयटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो, तोच प्लांटर फॅशिया. पायाची कमान धनुष्य मानली तर हा पट्टा म्हणजे त्याची प्रत्यंचा. हिक्स नावाच्या ब्रिटिश संशोधकानं १९५४ साली दाखवलं की बोटं वर उचलली की हा पट्टा रहाटाच्या दोरासारखा गुंडाळला जाऊन ताणला जातो आणि कमान उंचावते. हे घरीही दिसतं. उभं राहून पायाचा अंगठा हातानं वर उचला, कमान वर येते. यातून बुटाबद्दल थेट निष्कर्ष निघतो. बूट बोटांच्या मुळाशी, म्हणजे चवड्यालाच वाकला पाहिजे. मध्ये कमानीखाली घडी पडणारा बूट या पट्ट्याला सतत छळतो. हातात घेऊन वाकवून बघा, पाच सेकंदांत निकाल लागतो. सोबत टाचेमागची कड चिमटीत दाबून बघा, ती सहज चपटी व्हायला नको. पिळून बघा, ओल्या पंच्यासारखा पिळला जाणारा बूट परत ठेवा.

या दुखण्यात इनसोलचा उपयोग होतो, पण साच्यातून खास बनवलेल्या महागड्या इनसोलला तयार, मध्यम घट्ट, कमानीला आधार देणारी इनसोल फारशी हार जात नाही, असं चाचण्यांमधून दिसलेलं आहे. आधी स्वस्तातली वापरून बघा. इनसोल घातली की बुटातली जागा कमी होते, म्हणून ती बरोबर घेऊनच बूट घ्यायला जा.

चवड्यात, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी, खडा टोचल्यासारखं किंवा जळजळल्यासारखं होत असेल तर भार तिथल्या हाडांच्या टोकांवर एकवटतो आहे, किंवा बोटांमधली नस दबते आहे. इथे टोकाकडे निमुळता बूट हा पहिला आरोपी. बूट रुंद हवा आणि टाच कमीत कमी उंच. घुमटाच्या आकाराचं एक छोटं पॅड मिळतं, तेही चांगलं. मात्र बहुतेक जण ते दुखऱ्या जागेच्या बरोबर खाली चिकटवतात आणि दुखणं वाढवून घेतात. ते हाडांच्या टोकांच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला लावायचं असतं, म्हणजे ते टोकांवरचा भार मागे उचलून घेतं.

अंगठ्याचं हाड बाहेर आलं असेल तर त्या उंचवट्यावर शिवण किंवा कडक चामडं येणार नाही असा, वरून विणलेल्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा बूट शोधा. करंगळीवर भोवरी असेल तरीही हेच. इथे तळाच्या फोमपेक्षा वरच्या कापडाला महत्त्व.

आणि काही दुखणी बुटाच्या आवाक्याबाहेरची असतात. एकच पोटरी अचानक सुजली, लाल आणि गरम झाली, तर मैफील विसरा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, शिरेत गाठ असू शकते. पावलाच्या एखाद्या हाडावर बोट ठेवल्यावर नेमकी कळ येते आणि रोज चालताना वाढते आहे, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. तेही आधी तपासून घ्या.

ज्यांचे पाय दुखत नाहीत त्यांच्यासाठी

हा भाग दुखऱ्या पायांच्या लेखात विचित्र वाटेल, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. आपल्या लोकांमध्ये टाइप २ मधुमेह जास्त, आणि कमी वजनातही होतो. इंग्लंडमध्ये 'नाइस' ही संस्था दक्षिण आशियाई वंशाच्या माणसांची वजनामुळे वाढलेली जोखीम बीएमआय २३ पासूनच धरते, इतरांची २५ पासून. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होऊ लागतात. मघाशी म्हटलेला 'हल की जरा' हा निरोप मग येतच नाही. माणूस चार तास हसतमुखानं उभा राहतो, घरी येऊन मोजे काढतो आणि मोज्यावर रक्ताचा डाग दिसतो. बुटात गेलेल्या खड्यानं दिवसभर टोचलं तरी कळलं नाही, अशा जखमेपासून पुढे फार गंभीर गोष्टी घडू शकतात.

घरी करता येण्यासारखी एक साधी चाचणी आहे. ती इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयात तयार झाली आणि त्या गावाच्याच नावानं ओळखली जाते. तुम्ही मोजे काढून पाय पसरून आडवे व्हा आणि डोळे मिटा. घरातल्या कुणीतरी तर्जनीच्या टोकानं तुमच्या दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या, अशा सहा टोकांना एकेक करून हलकेच स्पर्श करायचा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्याही नाहीत. स्पर्श कळला की तुम्ही उजवा की डावा ते सांगायचं. सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झाल्याची शक्यता आहे. मग पायाच्या तज्ज्ञाकडे जाऊन नीट तपासणी होईपर्यंत उभ्याच्या मैफिलीचा विचार करू नका. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले असतील आणि त्यांना मधुमेह असेल, तर त्यांचीही चाचणी करा. दोन मिनिटांचं काम आहे.

माप घ्यायचं ते संध्याकाळी

पायाचं माप एकदा कॉलेजात घेतलं आणि तोच आकडा आयुष्यभर धरून ठेवला, असं खूप जणांचं असतं. वयाबरोबर कमान किंचित बसते, पाऊल लांब आणि रुंद होतं. गरोदरपणानंतर अनेकींचा नंबर कायमचा वाढतो. त्यात देशोदेशीचे आकडे वेगळे. ब्रिटिश नंबर अजूनही बार्लीच्या दाण्यावर चालतो. एक दाणा म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, ८.५ मिलिमीटरला किंचित कमी, आणि एका नंबराचा फरक तेवढाच. युरोपियन नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण ६.७ मिलिमीटरचा. भारतातला नंबर बहुतेक ब्रिटिश पद्धतीचा, अमेरिकन नंबर पुरुषांसाठी त्याहून साधारण एकानं आणि बायकांसाठी साधारण दोनानं मोठा. म्हणून आकडा विसरा आणि सेंटिमीटर लक्षात ठेवा.

संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, जे मोजे घालणार तेच घालून कागदावर उभे राहा आणि दुसऱ्या कुणाकडून दोन्ही पावलांची रेघ काढून घ्या. स्वतः वाकून काढलीत तर भार बदलतो. दोन पायांत बहुतेकांच्या थोडा फरक असतो, मोठा पाय प्रमाण मानायचा. बुटातली सुटी होणारी इनसोल काढून त्या रेघेवर ठेवा. पाऊल इनसोलच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही. सर्वांत लांब बोटापुढे, आणि ते अंगठाच असेल असं नाही, एक-सव्वा सेंटिमीटर जागा हवी. अंगठ्याच्या नखाची रुंदी धरा हवं तर.

रुंदीकडे आपलं हमखास दुर्लक्ष होतं. बेल्जियन संशोधकांनी दक्षिण भारतात केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नेहमी अनवाणी चालणाऱ्यांची पावलं बूट वापरणाऱ्यांपेक्षा तुलनेनं रुंद आढळली, आणि त्यांच्या पायाखालचा दाबही जास्त सारखा पसरलेला होता. तुमचं बालपण अनवाणी आणि चपलेत गेलं असेल तर इथले बूट अरुंद वाटतात ते उगाच नव्हे. अशा वेळी आपण मोठा नंबर घेतो, मग टाच सुटते आणि फोड येतात. नंबर तोच ठेवून रुंदी वाढवायची असते. अमेरिकेत पुरुषांची नेहमीची रुंदी डी आणि बायकांची बी, त्यापुढे दोन ई, चार ई असे प्रकार मिळतात. बायकांना रुंद बूट मिळेना तर पुरुषांच्या विभागात साधारण दीड नंबर कमी शोधावा. रंग थोडे निरस असतात, पण पाय खूश.

दुकानात चालून बघू नका, उभे राहा. दहा मिनिटं, एकाच जागी. विक्रेता चमत्कारिक बघेल, बघू द्या. घरी आणल्यावर बूट गालिच्यावरच घालून वापरा म्हणजे परत करता येतो, आणि खरी परीक्षा स्वयंपाकघरात घ्या. बूट घालून ओट्यापाशी उभं राहून पोळ्या, भाजी, भांडी असा दीड-दोन तासांचा कार्यक्रम करा. ओट्याशी तुम्ही जवळपास एका जागीच असता, म्हणजे मैफिलीची इतकी चांगली रंगीत तालीम दुसरी नाही. हे दोन-तीनदा झालं की बूट रुळतो आणि चावणार असेल तर घरीच चावतो.

प्रत्यक्ष त्या दिवशी

बूट कितीही चांगला असला तरी तो पोटरीचा पंप चालवू शकत नाही. ते काम तुमचं. दर काही मिनिटांनी टाचा उचलून चवड्यावर या, पाच-सहा वेळा. टाच फार दुखत असेल तर नुसता भार या पायावरून त्या पायावर घ्या. गुडघे ताठ कुलूपबंद ठेवू नका. कठडा किंवा भिंत मिळाली तर अर्धी लढाई जिंकली, म्हणून तासभर लवकर पोचण्यापेक्षा कडेची जागा धरणं फायद्याचं. रांगेतला तासही पायांच्या हिशेबात धरावा लागतो. मध्यंतरात खाली बसा, लाजू नका. प्रॉम्सच्या वरच्या गॅलरीत लोक संगीत चालू असतानाही जमिनीवर बसून, चक्क आडवे होऊन ऐकतात. २०१३ साली तिथे बारेनबॉइमनं वागनरचं चार रात्रींचं 'रिंग' पूर्ण सादर केलं. त्यातलं शेवटचं ऑपेरा चार तासांहून मोठं, मध्यंतरं वेगळी, आणि तरी खालचा भाग उभ्या श्रोत्यांनी भरलेला होता. पायांचं काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं.

मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं, ओल्या त्वचेला घर्षण जास्त, आणि फोड येतात ते त्वचेचे थर एकमेकांवर सरकल्यामुळे. लोकरीचे पातळ किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घ्या. सूज फार येत असेल तर गुडघ्यापर्यंतचे हलक्या दाबाचे मोजे उपयोगी पडतात, मात्र पायाच्या धमन्यांचा आजार किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. नाडी चवड्याजवळ सैल आणि घोट्याजवळ घट्ट बांधा, म्हणजे सुजेला जागा राहते आणि टाच मागे पक्की बसते. मध्यंतरात पुन्हा एकदा सैल करा. वेदनाशामक गोळी आधीच घेऊन जाण्याचा मोह टाळलेला बरा. शरीराचा निरोप बंद केला की आपण उभे राहतो ते मर्यादेबाहेर. दारूचंही तेच.

अनेक मोठ्या सभागृहांत ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही, त्यामुळे पर्स भरून दुसरे बूट न्यायचा बेत सहसा फसतो. मऊ चप्पल गाडीत ठेवा, परतताना कामी येते.

हे सगळं करूनही चार तास जमणार नाहीत असं वाटत असेल तर तिकीट काढतानाच आयोजकांना लिहा. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार आणि अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानुसार सभागृहांना वाजवी सोय करावी लागते. उभ्याच्या कार्यक्रमातही बसायच्या काही जागा किंवा वेगळा चौथरा बहुधा असतो, पण तो न मागता मिळत नाही. दीर्घकाळचं दुखणं असेल तर दोन ओळींचं ईमेल पुरतं, कधी डॉक्टरांची चिठ्ठी मागतात. आपल्याकडे याला उगाच कमीपणा मानतात. चष्मा लावून नाटक बघायला आपण कधी लाजलो नाही.

घरी आल्यावर पाय भिंतीला लावून पंधरा मिनिटं उताणे पडा, साचलेलं रक्त गुरुत्वाकर्षणच परत नेतं. फ्रीजमधली पाण्याची बाटली तळव्याखाली पाच मिनिटं मागे-पुढे फिरवा. मधुमेह असेल तर बाटली नको, त्याऐवजी उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या फटी नीट तपासा. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पंजा आपल्याकडे ओढून पोटरी आणि तळवा ताणून घ्या, मगच पहिलं पाऊल टाका. टाचेची कळ दोन-तीन दिवसांत पूर्वपदावर आली तर पुढच्या तिकिटाला हरकत नाही. आठवडा उलटून गेला तरी वाढलेलीच राहिली, तर पुढच्या वेळी बसायची जागा मागा.